श्रेष्ठ बेस गिटार कोणती?



भोईवाड्यात बेस गिटारीवर व्याख्यान ठेवलेले पाहून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आम्हांला मात्र या विषयाला याहून योग्य जागा दिसत नाही. पालखीतला देव सर्वांना दिसतो. भोयाच्या खांद्याकडे कोणी पाहत नाही. तो खांदा चुकला की देवही डळमळतो! गाण्यात बेसचे काम हेच. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस गिटार वाजवीत. बर्मन यांची गाणी ज्यांना मुखोद्गत आहेत, त्यांतल्या कितीजणांना हे नाव ठाऊक आहे?

आता वादाकडे वळू. या वाद्याला मुळात चार तारा. साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांहून एक सप्तक खर्जात. पूर्वी हे काम माणसाहून उंच अशा डबल बेसकडे असे. तो वाहून नेताना वादक घामाघूम होई आणि ढोलताशांसारख्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जाई. १९५१ साली कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी विजेवर वाजणारी, पडदे बसवलेली बेस गिटार बाजारात आणली. हे गृहस्थ मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे! पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून वाद्याचे नाव ‘प्रिसिजन’, म्हणजे अचूक.

प्रतिपक्षही दुबळा नाही. १९६० साली त्याच कारखान्यातून ‘जॅझ’ बेस निघाली: मान वरच्या टोकाला निमुळती, पिकअप दोन, आवाजाच्या छटा अधिक. जॅको पास्टोरियस या वादकाने तिचे पडदेच काढून टाकले आणि तिच्याकडून मींडेचे काम करून घेतले. १९७६ची ‘स्टिंगरे’ आपल्या खणखणीत आवाजावर हक्क सांगते. आणि जर्मनीची, व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर? बीटल्सच्या पॉल मॅकार्टनींनी १९६१ साली ती हॅम्बुर्गमध्ये घेतली. कारण काय? ती स्वस्त होती, आणि दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने डावखुऱ्याच्या हातात विचित्र दिसत नव्हती. जगभर गाजलेल्या वाद्याची निवड ही अशी झाली!

आमचा कौल प्रिसिजनला आहे. इतरांनी वाटेवर दिवे लावले. वाट हिने पाडली. पण या कौलातून कोणी भलताच अर्थ काढू नये, म्हणून पुढचे सांगणे अगत्याचे वाटते. १९६५ साली फेंडर यांचा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला. तेव्हापासून ‘त्याआधीची तीच खरी’ असा एक पंथ निघाला आहे, आणि त्या जुन्या वाद्यांच्या किमती ऐकून छाती दडपते. गिरणगावातल्या मुलाने नावासाठी कर्ज काढावे आणि हप्ते फेडता फेडता रियाजच सोडावा, हा श्रेष्ठतेचा मार्ग नव्हे.

मिरजेचा तंबोरा पाहा. भोपळा उत्तम, दांडी उत्तम, पण जवारी नीट नसेल तर तो बोलत नाही. जवारी काढणाऱ्याचा कान आणि हात किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. बेस गिटारीचेही तसेच आहे. मान सरळ आहे का, तारा पडद्यांपासून बेताच्या उंचीवर आहेत का, बाराव्या पडद्यावर मोकळ्या तारेचा वरचा स्वर बरोबर लागतो का, एवढे आधी तपासावे. तेवढे जमले, तर साध्या कारखान्यातली गिटारही मंडळाच्या कार्यक्रमात मानाने उभी राहील.

श्रेष्ठ वाद्य कोणते, यावर मित्रांनी रात्र रात्र वाद घालावा. त्यात कान तयार होतात. विकत घेताना मात्र आपला खिसा आणि आपली बोटे यांनाच पंच नेमावे. पुढच्या वेळी एखादे आवडते गाणे लागेल तेव्हा घटकाभर गायकाला विसरून खालचा स्वर ऐका. पालखी कोणाच्या खांद्यावर आहे, ते कळेल.