फेफरे येणारे मूल आणि त्याची शाळा

श्रोतेहो, अर्धांगवायू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे म्हातारा माणूस येतो. पण जन्माच्या आगेमागे तान्ह्या बाळाच्या मेंदूतही रक्ताची गुठळी अडकते. एखादी आकडी येते, किंवा काहीच दिसत नाही. मग चार-सहा महिन्यांनी आईच्या ध्यानात येते, की बाळ खुळखुळा एका डाव्या हातानेच धरते. उजवी मूठ मिटलेलीच. आजी म्हणते, "डावखुरं निघालं!" पण वर्षाच्या आत मूल असे डावे-उजवे ठरवीत नसते. तेव्हाच डॉक्टर गाठावा.

मग अशा मुलाची बुद्धी गेली का? तसे मुळीच नाही. वाणीचे काम बहुधा मेंदूच्या डाव्या भागाकडे असते. तो लहानपणीच दुखावला, तर उजवा भाग ते काम अंगावर घेऊ शकतो आणि मूल बोलू लागते. मात्र एका घरात दोन बिऱ्हाडे आली म्हणजे अडचण व्हायचीच! लक्ष, आठवण, गणित यांत ते मागे पडू शकते. आणि ही उणीव पुष्कळदा अभ्यास वाढल्यावरच उघडी पडते. त्यात फेफरे जडले व आवरले नाही, तर शिकण्याला अधिकच खीळ बसते.

गुरुजी, फेफरे म्हणजे दरवेळी हातपाय झाडणे नव्हे. कधी मूल काही क्षण नुसते टक लावून राहते; तेवढे बोलणे त्याला कळतच नाही. माझ्याच वर्गात असा एक मुलगा होता. लक्ष नाही म्हणून मी त्याला चारचौघांत उभे केले. खरे कारण पुढे त्याच्या वडिलांकडून कळले. ती चूक मला अजून टोचते.

आकडी आली तर चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा वा पाणी घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही, तर दवाखाना गाठा. औषध आपल्या मनाने बंद करू नका. योग्य उपचाराने दहांतल्या सातांपर्यंत रोग्यांची आकडी थांबू शकते. घर कापूस वेचणीला गेले, तरी असे मूल एकटे विहिरीवर जाऊ देऊ नका. शाळेत मात्र जरूर धाडा.

अंबड-भोकरदनच्या मायबापांनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत व शाळेत मुले तपासते. त्यांच्यापासून काही लपवू नका. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व ठरलेल्या मुलाला २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे.

आणि गुरुजी, त्याला पहिल्या ओळीत बसवा, एका वेळी एकच गोष्ट सांगा, उत्तराला थोडा वेळ द्या. एवढे आपल्या हातचे आहे.