राखणदार शैलेन मन्ना



फुटबॉलच्या खेळात एका बाजूला ११ गडी असतात. पुढचे गडी गोल करतात. मागचे गडी गोल होऊ देत नाहीत. गोल करणाऱ्याचं नाव होतं. अडवणारा म्हणजे वावरातला राखणदार. पीक घरात आलं की त्याला कोण विचारतो? पण तो नसता तर?

असे एक राखणदार होते शैलेन मन्ना. राहणार बंगालमधल्या हावड्याचे. १९४२ साली ते कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबात आले. १९६० पर्यंत तिथंच खेळले. पोटासाठी सरकारी नोकरी केली, पण क्लब बदलला नाही.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरलं. आपले बरेच गडी अनवाणी खेळले. मन्नाही अनवाणीच. सामना फ्रान्सशी होता. भारताला पेनल्टी मिळाली. पेनल्टी म्हणजे समोर एकटा गोलरक्षक, आणि आपण चेंडू मारायचा. मन्नांनी मारला, तो हुकला. भारत २-१ नं हरला.

एक साल कपाशी गेली म्हणून आपण वावर सोडतो का? मन्नांनीही मैदान सोडलं नाही. १९५१ साली दिल्लीला आशियाई खेळ झाले. भारताचे कप्तान मन्नाच होते. शेवटच्या सामन्यात मेवालालनं एक गोल केला. इराणला एकही गोल करता आला नाही. भारतानं सोन्याचं पदक जिंकलं.

१९७१ साली मन्नांना पद्मश्री मिळाली. २०१२ साली ते वारले.

खानदेशातल्या आपल्या पोरांना हे वाचून दाखवा. हुकलं तरी जागा सोडू नये.