भाताच्या मुलखात गहू टाळताना

मला सिलिॲक आहे. गहू आणि जव यांतल्या ग्लुटेनमुळे माझ्या लहान आतड्याला इजा होते, अन्न अंगी लागत नाही. चपातीचा एक घासही चालत नाही, आणि हे आयुष्यभर.

तुम्ही म्हणाल, सूरजागड भाताचा मुलूख, इथं काय अडचण? घरी फारशी नाहीच. सेहरीला भात-डाळ खातो. अडचण दावतीत. हलीममध्ये गहू, शीरखुर्म्यात गव्हाच्या शेवया, समोसा मैद्याचा. डबीतल्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, लेबल वाचा. आजारी माणसाला मायेनं तलबीना देतात, तोही जवाचा. मी नम्रपणे नाही म्हणतो. शरीर ही अमानत आहे. बिर्याणी चालते, पण रोटी मोडलेला हात तिच्यात गेला की नाही. एका थाळीत जेवायची आपली रीत मला प्यारी, तरी माझं ताट आधी वेगळं वाढा. रुसू नका.

गोळ्या घेऊनही ज्यांचं हिमोग्लोबिन वाढत नाही, पोट सतत बिघडतं, त्यांनी डॉक्टरांना टीटीजी रक्तचाचणीबद्दल विचारा. तोवर गहू सोडू नका; सोडला तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

ईदला तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा करा. मी येतो.