भातुकलीतलं घर

दौंडसारख्या जंक्शनवर उतरलं की फलाटावर रिकाम्या बाटल्या गोळा करणारी पोरं दिसतात. आपण पहिलं काय विचारतो? "तुझे आईबाप कुठंयत?" पोर म्हणतं, "मेले." दुसऱ्या दिवशी तेच पोर सांगतं, आई गावाला आहे. आपण म्हणतो, खोटारडं आहे.

पण हाच प्रश्न त्याला येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी विचारलेला असतो. खरं सांगून त्याचं कधी भलं झालेलं नसतं.

म्हणून आम्ही गटातल्या बाया गेल्या वर्षापासून दर शनिवारी स्टेशनामागं या पोरांबरोबर तासभर बसतो. सोबत चिंध्यांच्या बाहुल्या, काड्यापेट्या, नारळाच्या करवंट्या. भातुकलीच म्हणा. आम्ही एवढंच बोलतो, "एक घर होतं. पुढं तुम्ही सांगा."

नऊ-दहा वर्षांची एक पोर. तिच्या घरात भीक मागणारी म्हातारी होती, धाकटा भाऊ होता, कुत्रं होतं. आई नव्हती. "कामाला गेलीय." संध्याकाळ झाली तरी? "सुट्टी नाही झाली." तीन शनिवार त्या आईची सुट्टी झाली नाही. पण दर वेळी एक करवंटी आईच्या नावानं झाकून ठेवलेली. कुत्र्याला तोंड लावू द्यायची नाही.

एका पोरानं बापाची बाहुली दाराबाहेर ठेवली. "प्यायला नसला की आत घेणार." आमच्यातल्या दोघी-तिघी एकमेकींकडं बघायला लागल्या.

तेरा वर्षांच्या एकाची गोष्ट मात्र दर वेळी तीच. मुलगा गाडीत बसून घरी जातो, आईला लुगडं, बहिणीला पैंजण नेतो. रिकाम्या हातानं कधीच जात नाही. त्याच्याशी बोलणाऱ्या संस्थेच्या ताईंनी तर "घरी जायला तयार नाही" असं लिहून ठेवलं होतं. आम्ही त्यांना ही गोष्ट सांगितली. राग नव्हता हो, लाज होती. त्यांनी नव्यानं विचारपूस केली. पोरगा अजून गेलेला नाही, पण बहिणीशी फोनवर बोलतो. मुलाचं म्हणणं ऐकून मगच त्याच्याबद्दल ठरवावं, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही आहे. फक्त ते ऐकायचं कसं, हे कायदा शिकवत नाही.

आम्ही खेळात सुधारणा करत नाही. "आईला घरी आण की," असं म्हणत नाही. खेळातलं सगळं घडलेलंच असतं, असंही धरत नाही. पण मारहाण किंवा नको तिथं हात लावणं खेळात पुन्हापुन्हा येऊ लागलं, तर गप्प बसायचं नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो.

आणि तुमच्या गावातून निघून गेलेलं एखादं पोर परत आलं, तर त्याला "काय कमावून आणलंस रे?" असं चेष्टेतसुद्धा कुणाला विचारू देऊ नका. आधी ताट वाढा.