कराचीचा धागा आणि पुराव्याची गाठ

(२६ नोव्हेंबरच्या स्मृतिदिनानिमित्त धाराशिव येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आई तुळजाभवानीच्या या जिल्ह्यात बोलण्यासाठी मला विषय दिला गेला तो ‘दहशतवादाच्या विरोधातील आंतरराष्ट्रीय सहकार्य’ हा. हा विषय न्यूयॉर्कचा आणि जिनिव्हाचा, धाराशिवच्या सभागृहात त्याचे काय काम, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. निमंत्रण आले तेव्हा माझ्याही मनात क्षणभर तेच आले. मग नळदुर्गचा पूल आठवला आणि उत्तर मिळाले.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले ते याच जिल्ह्यात शिरले. नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदीवरील पूल ताब्यात आला, पुढे जळकोट, उमरगा असा मार्ग मोकळा होत गेला. त्याच दिवशी तुळजापुरात निजामाच्या फौजेने आणि रझाकारांनी दोन तास प्रतिकार करून पाहिला. हा इतिहास येथील वडीलधाऱ्यांना मी सांगावा असे नाही. त्या काळात ज्यांच्या घरांची दारे फुटली, ज्यांना रातोरात सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे जावे लागले, त्यांची नातवंडे-पतवंडे आज समोर बसली असतील. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडत होते, हेही आपण जाणताच.

रझाकारांच्या हाती बंदुका आल्या कुठून, हे मात्र आपण फारसे सांगत नाही. भारत सरकारने निजामाच्या संस्थानाची नाकेबंदी केली होती. तरीही १९४८ च्या त्या उन्हाळ्यात-पावसाळ्यात सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात विमाने उडवून बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवीत होता. वैमानिक ऑस्ट्रेलियाचा, विमाने ब्रिटिश बनावटीची, तळ पाकिस्तानचा, पैसा निजामाचा आणि मरणारा माणूस मराठवाड्याचा, तेलंगणाचा, कर्नाटकाचा! दहशतीचा आंतरराष्ट्रीय व्यवहार २००१ साली न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले तेव्हा सुरू झाला असे जे समजतात, त्यांनी हा हिशेब पाहावा. पुढे इंग्लंडमध्ये या कॉटन महाशयांवर खटला झाला आणि शिक्षा झाली ती २०० पौंड दंडाची.

आणि जागतिक संघटना तेव्हा काय करीत होती? निजामाने ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार धाडली होती. परिषद ती ऐकायला बसली १६ सप्टेंबरला, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. सरदार पटेल परिषदेच्या चर्चेची वाट पाहत बसले असते तर काय झाले असते, याची कल्पना करण्यासाठी काश्मीरकडे पाहावे. तेथील प्रश्न आपण आदल्याच वर्षाअखेरीस परिषदेच्या दारात नेऊन ठेवला होता.

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, परक्यांच्या सहकार्याच्या नादी लागूच नये. माझे म्हणणे तसे नाही. आधी स्वतःचा बाहू हवा हे खरेच. पण शत्रू एकदा सरहद्दीच्या पलीकडे जाऊन बसला की नुसता बाहू पुरत नाही. कासिम रझवी तुरुंगवास भोगून १९५७ मध्ये सुटला तो थेट पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीतच मेला. कराचीचा हा धागा तेथेच तुटला असता तर मी आज हे व्याख्यान दिलेच नसते.

तो पुन्हा दिसला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री. मुंबईत १० हल्लेखोर माणसे टिपून मारीत होते आणि कराचीतल्या एका खोलीत बसलेले त्यांचे सूत्रधार फोनवरून त्यांना पावलोपावली सूचना देत होते. ते संभाषण आपल्या यंत्रणांनी ऐकले, ध्वनिमुद्रित केले. त्यात एक शब्द तपास करणाऱ्यांच्या कानाला खटकला. तो शब्द होता ‘प्रशासन’. पाकिस्तानी पंजाबातला माणूस ‘इंतजामिया’ म्हणेल, ‘हुकूमत’ म्हणेल. ‘प्रशासन’ त्याच्या तोंडी येणार नाही. हा शब्द आपल्या तहसील कचेरीतला, आपल्या वर्तमानपत्रातला. म्हणजे त्या खोलीत एक जण भारतात वाढलेला होता! जिवंत सापडलेल्या कसाबनेही सांगितले की, अबू जुंदाल नावाच्या माणसाने आम्हांला हिंदी शिकविली.

हा अबू जुंदाल म्हणजे झबीउद्दीन अन्सारी. गाव गेवराई, जिल्हा बीड. आपल्या शेजारचा जिल्हा. मे २००६ मध्ये औरंगाबाद परिसरात (आजचे छत्रपती संभाजीनगर) राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने पाठलाग करून शस्त्रांनी भरलेली गाडी पकडली. ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे! त्या वेळी दुसऱ्या गाडीतून निसटला तो हाच. बांगलादेशमार्गे तो पाकिस्तानात पोहोचला.

तो पुन्हा हाती लागला तो सौदी अरेबियात. त्याच्याजवळ पाकिस्तानी पारपत्र होते, त्यावर नाव रियासत अली. पाकिस्तानने तो आमचाच नागरिक असल्याचा दावा लावून धरला, असे त्या वेळच्या वृत्तांत आले होते. मग तो भारतीय आहे हे सिद्ध कसे करायचे? बीड जिल्ह्यातील कुटुंबीयांच्या रक्ताचा नमुना आणि त्याचा डीएनए जुळवून पाहण्यात आला, आणि रक्ताने जी साक्ष दिली तिच्यापुढे पारपत्र खोटे ठरले. २०१० मध्ये रियाध येथे भारत आणि सौदी अरेबिया यांच्यात प्रत्यर्पणाचा करार झाला होता. त्यामुळे दोन्ही राजधान्यांमधली वाट थोडी रुळलेली होती. जून २०१२ मध्ये जुंदाल दिल्लीत आला. ज्या देशाकडे इस्लामी जगत आदराने पाहते, त्या देशाने पाकिस्तानच्या मर्जीविरुद्ध भारताचा आरोपी भारताला दिला, ही लहान घटना नव्हे. भाषणांनी जे वर्षानुवर्षे होत नाही, ते एका नमुन्याने झाले. शस्त्रसाठ्याच्या खटल्यात २०१६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली.

सहकार्य हे जगाने आपल्यावर केलेले उपकार नसतात. ते एकेका पुराव्याने मिळवावे लागते. आणि त्या पुराव्याची किंमत कोणी मोजली? २६/११ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली, गोळ्या अंगावर झेलल्या. कसाब मेला असता तर पाकिस्तानने दहा निनावी प्रेतांशी आपला काही संबंध नाही म्हणून हात झटकले असते. तो जिवंत राहिला म्हणून फरीदकोटचे नाव पुढे आले, आणि पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे कबूल करावे लागले.

त्यानंतरचे काम अनेक देशांत विखुरलेले होते. मृतांमध्ये ६ अमेरिकन नागरिक असल्याने अमेरिकेची एफबीआय तपासात उतरली. हल्लेखोरांचे दिशादर्शक उपकरण तिच्या तज्ज्ञांनी उलगडले आणि ते मुंबईच्या न्यायालयात साक्षीलाही उभे राहिले. इंटरनेटवरून होणाऱ्या त्या फोनची सेवा पुरविणारी कंपनी निघाली अमेरिकेतील न्यू जर्सीची. तिचे पैसे भरले गेले होते इटलीतील ब्रेशिया शहरातून. रक्कम किती, तर दोन-अडीचशे डॉलरच्या घरातली! १६६ माणसांच्या हत्येतील फोनचा हा खर्च. जिनिव्हा-न्यूयॉर्कच्या ठरावांपेक्षा ब्रेशियातील पैसे पाठविण्याच्या दुकानातली ती नोंदवही मला अधिक मोलाची वाटते.

दुसरे एक मोलाचे भांडवल म्हणजे आपली न्यायालये. कसाबला मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. पण त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले आणि सर्वोच्च न्यायालयानेही ते मान्य केले. त्या वेळी आपल्यापैकी अनेकांना राग आला होता, मलाही आला होता. आज वाटते, जगाने त्या निकालावर विश्वास ठेवला तो यामुळेच. आरोपी आणि समाज यांत भेद करता आला नाही की काय होते, हे या जिल्ह्यानेही पाहिले आहे. निजामी राजवटीत विलीनीकरणाची बाजू मांडणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच ठार केले, ते मुसलमान होते. आणि पोलीस कारवाईनंतर सुडाच्या भरात निरपराध मुसलमान कुटुंबेही मारली गेली. सुंदरलाल समितीने त्यात उस्मानाबादचे नाव घेतले आहे. ते आपण लपवू नये.

आता जगाच्या दुटप्पीपणाविषयी बोलले पाहिजे. डेव्हिड हेडली अमेरिकेने ऑक्टोबर २००९ मध्ये पकडला. ताजची टेहळणी करणारा हाच. पण गुन्हा कबूल करण्याच्या बदल्यात भारताच्या स्वाधीन केले जाणार नाही, असा करार त्याने अमेरिकी सरकारशी केला. मुंबईत रक्त सांडले आणि सौदा शिकागोत झाला! आपल्याला मिळाली ती फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरचित्र माध्यमातून त्याची साक्ष, आणि तीही जुंदालच्याच खटल्यात माफीचा साक्षीदार म्हणून. त्याचा साथीदार तहव्वूर राणा १० एप्रिल २०२५ रोजी भारतात आला. १९९७ च्या प्रत्यर्पण कराराखाली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून, हल्ल्यानंतर १६ वर्षांनी.

संयुक्त राष्ट्रांची कथा याहून संथ. दहशतवादाविरुद्ध एक सर्वंकष करार व्हावा असा मसुदा भारताने १९९६ मध्ये मांडला. तो आजही अडलेला आहे, कारण दहशतवादी कोणाला म्हणावे यावरच एकमत नाही. कोणाला त्यातून ‘मुक्तिलढे’ वगळायचे आहेत, कोणाला आणखी काही. मसूद अझहरचे नाव निर्बंधांच्या यादीत यावे म्हणून भारताने २००९ पासून प्रयत्न केले. चीनचा आडमुठेपणा सुटून ते आले १ मे २०१९ रोजी. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरक्षा परिषदेची दहशतवादविरोधी समिती मुंबईत, त्याच ताजमध्ये भरली. तेथे कराचीच्या खोलीतील साजिद मीरचा आवाज पाहुण्यांना ऐकविण्यात आला. पुढच्या वर्षी याच साजिद मीरचे नाव यादीत घालण्याचा प्रस्ताव चीनने अडविला! एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जणांची हत्या झाली. परिषदेने निषेध केला, पण हल्ल्याची जबाबदारी घेणाऱ्या संघटनेचे नाव त्या निवेदनात आले नाही.

मात्र जेथे पैशाची नाडी दाबली गेली तेथे फरक पडला. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ या काळात एफएटीएफ या आर्थिक देखरेख संस्थेच्या करड्या यादीत होता. त्या काळातच हाफिज सईदला तेथल्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली आणि साजिद मीरही तुरुंगात गेला. मुंबईच्या हत्याकांडासाठी नव्हे, तर पैसा पुरविल्याबद्दल, पण गेला. कर्ज मिळण्याची चिंता सद्सद्विवेकापेक्षा अधिक परिणामकारक ठरली, असे म्हणावे लागते.

सहकार्याची किंमतही द्यावी लागते. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये आपल्या हवाली केले ते फाशी देणार नाही, २५ वर्षांपेक्षा अधिक काळ तुरुंगात ठेवणार नाही, या आश्वासनावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले की, हे वचन पाळावेच लागेल. मुंबईच्या १९९३ च्या स्फोटांत ज्यांची माणसे गेली त्यांच्या मनाला हे कसे पटावे? पण वचन मोडले तर पुढच्या आरोपीसाठी कोणता देश आपले दार उघडील, हाही प्रश्न आहेच.

शेवटी पुन्हा आपल्या शेजारच्या त्या माणसाकडे येतो. जुंदालवरील २६/११ चा खटला २०१८ पासून कित्येक वर्षे जागच्या जागी अडकून पडला. वाद गोळ्यांचा नव्हता, कराचीच्या खोलीचाही नव्हता; वाद होता प्रवासाच्या कागदांचा. आपल्याला सौदीत पकडून आणले असे तो म्हणतो. पोलीस म्हणतात, दिल्लीच्या विमानतळाबाहेर अटक केली. त्याचे कागद त्याला द्यावेत असा आदेश विशेष न्यायालयाने दिला, सरकारी पक्ष त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेला आणि साक्षी थांबल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, तेव्हा वाट मोकळी झाली. दोन सरकारांनी परस्परांवर विश्वास ठेवून, गाजावाजा न करता एखादा माणूस हवाली करावा, हे मैत्रीचे लक्षण खरे. पण न्यायालयात मैत्री दाखल करता येत नाही, कागद दाखल करावा लागतो. या सभागृहात वकिलीचे शिक्षण घेणारे काही तरुण बसले आहेत असे अध्यक्षांनी मघाशी सांगितले. प्रत्यर्पण आणि हद्दपारी यांतला फरक त्यांनी या एका खटल्यावरून अभ्यासावा. जिल्हा न्यायालयात रोज हाताळला जाणारा पंचनामा आणि रियाधहून आलेला कागद एकाच फायलीत कसे येतात, ते त्यांना तेथे दिसेल.