संरक्षणाची किल्ली कोणाच्या हातात?



वजू-गुस्लचे मसले आपण लहानपणीच शिकतो. हैज-निफासचे नियमही मजहबी पुस्तकांत स्पष्ट लिहिलेले असतात. शरीराबद्दल बोलायला आपल्याकडे मनाई नाही. तरीही एचआयव्हीचं नाव निघालं की घरात शांतता पसरते. ‘आपल्यात असलं काही नसतं’ म्हणून विषय बंद होतो. म्हणून आज एका संशोधक बाईंची ओळख करून देतो. नाव आहे डॉ. कुरैशा अब्दुल करीम.

त्यांचा जन्म १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टोंगाट गावी, भारतीय वंशाच्या कुटुंबात झाला. वर्णभेदाच्या काळात त्या वाढल्या आणि साथरोगतज्ज्ञ झाल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला क्वाझुलु-नाताळच्या ग्रामीण भागात केलेल्या पाहणीत त्यांना दिसलं, की एचआयव्हीचं प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जवळपास तिप्पट आहे आणि मुलींना लागण फार कमी वयात होते. असं का, याचं उत्तर पुढे विषाणूंच्या जनुकीय अभ्यासातून मिळालं. पंचविशीच्या आतल्या मुलींना लागण होत होती ती बहुतेक त्यांच्याहून सरासरी आठ-नऊ वर्षांनी मोठ्या पुरुषांकडून.

त्या वेळी जगभर एकच सल्ला दिला जाई : संयम पाळा, एकनिष्ठ राहा, कंडोम वापरा. सल्ला बरोबरच होता. पण वयाने मोठ्या, पैसा हाती असलेल्या पुरुषाला ‘कंडोम वापर’ असं अठरा वर्षांची मुलगी कशी सांगणार? आणि ती एकनिष्ठ राहिली, पण तो राहिला नाही तर?

हा प्रश्न आफ्रिकेपुरता नाही. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या दोन गुप्तरोग दवाखान्यांत डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्हीबाधित निघाल्या. त्यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात एकच जोडीदार होता, नवरा. एकनिष्ठेने त्यांचं रक्षण केलं नाही.

म्हणून कुरैशाबाईंनी स्त्रीला कोणाची परवानगी न मागता वापरता येईल असं साधन शोधलं. टेनोफोविर औषधाचं योनीत लावायचं जेल त्यांच्या गटाने डर्बन शहरात आणि ग्रामीण वुलिंडलेलामध्ये ८८९ स्त्रियांवर तपासलं. २०१० मध्ये निकाल आला : लागण ३९ टक्क्यांनी घटली. नियमित वापरणाऱ्यांमध्ये ५४ टक्क्यांनी.

पुढे २०१५ मध्ये दुसऱ्या मोठ्या चाचणीत मात्र जेलचा परिणाम दिसला नाही. बहुतेक जणींना ते दर वेळी वापरणं जमलंच नव्हतं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ॲप कोणी वापरत नसेल, तर वापरणाऱ्याला मूर्ख म्हणून चालत नाही, ॲप बदलावं लागतं. इथेही तेच झालं. रोजची गोळी आली, महिन्याभराची रिंग आली. मग वर्षातून दोनदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शन आलं. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीचे निकाल जाहीर झाले. ते घेणाऱ्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नव्हती.

आता आपल्याकडे वळू. रिश्ता ठरताना आपण मुलाचा पगार, घर, खानदान विचारतो. दोघांनी मिळून निकाहाआधी एचआयव्ही तपासणी करावी, असं म्हणायची हिंमत करू या. सक्तीने नव्हे, राजीखुशीने. आणि फक्त मुलीची नव्हे, मुलाचीही. सरकारी रुग्णालयांत ही तपासणी मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

निकाल पॉझिटिव्ह आला तर आयुष्य संपत नाही. सरकारी केंद्रांत औषध मोफत मिळतं. ते नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अशा माणसाला नोकरीत, शाळेत, दवाखान्यात वेगळी वागणूक द्यायला २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. मोहल्ल्यात बदनाम करणं तर माणुसकीलाच सोडून आहे.

हया चांगलीच गोष्ट आहे. पण तिच्या नावाखाली मुलींना अज्ञानात ठेवलं, तर त्याची किंमत त्याच मोजतात. आज घरी गेल्यावर बहिणीशी, भावाशी, मित्राशी यावर एकदा बोला. एवढीच विनंती.