नऊ एकांची गंमत

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज एकाच संख्येविषयी बोलणार आहे. फळ्यावर लिहितो : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच.

ही येते कुठून? नऊ एक ओळीने लिहा, १११११११११, आणि त्याला त्यानेच गुणा. पाटीवर गुणाकार मांडला की तीच ओळ नऊ वेळा येते, दर वेळी एक घर डावीकडे सरकून. आता उभी बेरीज करा. एककाच्या घरात एक, दशकाच्या घरात दोन, शतकाच्या तीन, अगदी मधल्या घरात नऊ. मग पुन्हा उतरण. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले तर मधल्या घरात दहा होतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बिघडते. म्हणजे ही चढण नवापाशीच संपते.

आता हिच्या अंकांची बेरीज करा : ८१. या ८१ ने ही संख्या नि:शेष भागली जाते. कारण नऊ एक म्हणजे ९ गुणिले १२३४५६७९. वर्ग केला की ९ चे ८१ होतात. आपल्या अंकांच्या बेरजेने भागली जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ म्हणतात, आनंद देणारी. हे नाव दिले दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी.

कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, १९२७ साली रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवले आणि १९३० ते १९६२ नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर राहिले. पदव्युत्तर शिक्षण नव्हते. आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम किरकोळ मानले. पुढे १९७५ साली अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाला नाव कळले. फळ्यावरच्या संख्येच्या कुळाला त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले. ज्या रेल्वे स्टेशनवर ही कल्पना सुचली, त्याचे ते तेव्हाचे नाव, आजचे डोंबिवली!

हे बेळगाव-निपाणीकडच्या आपल्यासारख्यांना का सांगायचे? आपल्या घरांत भाषा मराठी, शाळेचे माध्यम कुणाचे कन्नड, कुणाचे इंग्रजी. आजोबांची पावकी-निमकी नातवाला परकी वाटते, नातवाची वही आजोबांना. दोघांमध्ये बोलायला विषय उरत नाही. पण १११ गुणिले १११ कोणत्याही माध्यमात १२३२१ च येतात.

म्हणून आज आरतीनंतर घरी एक कागद घ्या. आजोबांनी एक लिहावेत, नातवाने गुणावे. तीन एकांपासून सुरुवात करा, नवापर्यंत जा. मार्क कुणी देणार नाही. एका शाळामास्तराने आयुष्यभर जो आनंद घेतला, तो घरात तुमच्या हाती येईल.

गणपती बाप्पा मोरया!